उठलात की गेला

बेसबॉलच्या सामन्यात चेंडू खरोखर खेळात असतो तो सगळा मिळून वीसेक मिनिटं. उरलेला वेळ पिचर टोपी सारखी करतो, कॅचर मनगटावरची बटणं दाबून कुठला चेंडू टाकायचा ते सांगतो आणि बॅटर हातमोज्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधतो. वीसच मिनिटं का, ही माझी तक्रार नाही. ती सलग देत नाहीत, ही आहे. सत्यनारायणाच्या प्रसादासारखी चिमूट चिमूट हातावर ठेवतात, आणि आपण जरा हात धुवायला गेलो की ताट पुढे सरकलेलं असतं.

म्हणून मैदानात जाऊन बेसबॉल बघायचा म्हणजे मुळात खुर्चीवरून कधी उठायचं हे शिकायचं. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या हंगामात प्रत्येक संघाचे 162 सामने, त्यातले 81 घरच्या मैदानावर. सरावाला कमतरता नाही. तरी जमत नाही.

त्यात 2023 साली घड्याळ आलं. बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना थांबायच्या टप्प्यावर, कुणी नसेल तर पिचरने 15 सेकंदांत चेंडू टाकायचा. कुणी असेल तर तेव्हा 20, पुढच्या वर्षापासून 18. तीन तासांच्या वर रेंगाळणारा सामना पहिल्याच वर्षी सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. सगळीकडे कौतुक झालं. खाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र कुणी विचारलं नाही. रांग होती तेवढीच राहिली, सॉसेज भाजायला लागतो तेवढाच वेळ लागतो, सामना तेवढा पुढे पळाला. आधी एका हॉटडॉगपायी तीन बॅटर हुकायचे, आता पाच हुकतात.

एका संघाचे तीन आऊट होऊन अर्धी इनिंग संपली की सव्वादोन मिनिटांची सुट्टी मिळते. नवखा माणूस नेमका तेव्हा उठतो, कारण तेच शहाणपणाचं वाटतं. त्याच्यासारखेच आणखी काही हजार शहाणे त्याच क्षणी उठतात. सव्वादोन मिनिटांत जिन्यापर्यंत पोचता येतं. तिथे पोचून परत फिरायचं असेल तर ठीक.

माझं गणित वेगळं आहे. बॅटिंगचा क्रम ठरलेला असतो, एक ते नऊ आणि पुन्हा एक. पहिले चार-पाच तगडे, सात-आठ-नऊ त्या मानाने लिंबूटिंबू. पाहुण्या संघाची इनिंग सहाव्या बॅटरवर संपली, की त्यांची पुढची सातव्यापासून सुरू होणार हे नक्की. मग आपला संघ खेळायला येतो. त्याचे दोन आऊट झाले, बेसवर कुणी नाही, की निमूटपणे उठायचं. उरलेला एक बॅटर, सव्वादोन मिनिटांची सुट्टी आणि वर सात-आठ-नऊ एवढा ऐवज पदरात पडतो. आठ-दहा मिनिटं सहज निघतात. गणितात चूक नाही. फक्त हंगामभरात दोन होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, मारलेला तो नववा बॅटर आपला तिसरा होमरन नेमका याच खिडकीत मारतो.

हा होमरन रांगेत उभ्याने बघण्याचाही एक प्रकार आहे. काउंटरच्या वर टीव्ही टांगलेले असतात, पण त्यांवरचं चित्र बहुतेक ठिकाणी काही सेकंद मागे असतं. आधी भिंतीपलीकडून गर्जना येते. मग टीव्हीवर पिचर शांतपणे मान हलवतो, पाय उचलतो, चेंडू टाकतो. रांगेतले सगळे माना वर करून, पुढे काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असलेल्या देवासारखे त्याच्याकडे बघत असतात.

पूर्वी उठायची गरजच कमी होती. विक्रेता पायऱ्यांवर यायचा, आपण रांगेच्या मधून हात वर करायचा, नोट शेजाऱ्याकडे द्यायची. ती दहा हातांतून त्याच्याकडे जायची आणि त्याच दहा हातांतून हॉटडॉग आणि सुट्टे परत यायचे. गर्दीच्या बेस्टमध्ये कंडक्टरकडे पैसे पुढे सरकवलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. आता बहुतेक मैदानांत रोख चालतच नाही. कार्ड मात्र दहा परक्या हातांतून पाठवायला कुणाचा धीर होत नाही.

शाकाहारी माणसाला हॉटडॉगचा प्रश्न नसतो, त्याला नाचोज असतात. ते प्लॅस्टिकच्या हेल्मेटमध्ये मिळतात. हेल्मेट उलटं धरलेलं, बूड गोल, त्यामुळे खाली ठेवायची सोय नाही; दोन्ही मांड्यांमध्ये आवळून धरावं लागतं. वरचं चीज थोड्या वेळात गार होतं आणि त्याची साय धरते. त्याआधी ते संपवायचं, तेही खाली न बघता. सालीसकटच्या शेंगा त्यापेक्षा बऱ्या. टरफलं पायाशी टाकायची इथे राजरोस परवानगी आहे, एरवी या देशात कागदाचा कपटा टाकायची चोरी.

आणि अशा वेळी फाऊल बॉल, म्हणजे रेषेबाहेर उडालेला चेंडू, येतो.

इथे आपल्या लोकांचा एक घोटाळा होतो. गल्लीत स्लिपला झेल घेतलेले असतात. बेसबॉलचं वजन 142 ते 149 ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडं कमीच. ‘एवढंच ना!’ असं वाटतं. पण बॅटची कड घेऊन आलेला हा चेंडू भोवऱ्यासारखा गरगरत येतो आणि उघड्या तळहातावरून निसटून मागच्या रांगेत जातो. चेंडू घरी नेणारा सहसा दुसरा माणूस असतो. पहिल्याच्या वाट्याला सुजलेला अंगठा.

तो कुठे येणार याचा अंदाज बांधता येतो. उजव्या हाताच्या बॅटरने बॅट उशिरा फिरवली तर चेंडू पहिल्या बेसच्या मागच्या स्टँडकडे, घाई केली तर तिसऱ्या बेसच्या बाजूला. डावऱ्याचं उलट. 2020 सालच्या हंगामापासून सगळ्या तीस मैदानांत जाळ्या डगआऊटच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेच्या, पलीकडे गेल्या आहेत, त्यामुळे सरळ तोंडावर येणारे चेंडू पुष्कळसे अडतात. जाळीवरून येतात ते आभाळातून पडतात. ते अडवायला दोन हात लागतात, आणि त्या वेळी एका हातात हेल्मेट असतं. चामड्याचा ग्लव्ह घरून आणावा म्हणाल, तर आठ वर्षांच्या मुलाच्या हातात तो शोभतो. पन्नाशीच्या गृहस्थाला तो घालून बसायला वेगळं धैर्य लागतं.

क्रिकेटमध्ये प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत द्यावा लागतो, इथे घरी नेता येतो, हा बेसबॉलचा मोठेपणा. पण शेजारी लहान मूल असेल तर त्याला देऊन टाकायचा, अशी रीत आहे. आणि शेजारी लहान मूल असतंच. शिकागोच्या रिगली फील्डवर तर पाहुण्यांनी मारलेला होमरन हाती आला की तो मैदानात परत भिरकावायचा, नाहीतर अख्खा स्टँड ओरडून हैराण करतो. मुरलेले लोक यासाठी खिशात एक जुना चेंडू बाळगतात आणि तोच फेकतात.

जागा निवडतानाही उठणंच डोक्यात ठेवावं. कडेची खुर्ची घेतली तर आपण सुखाने उठतो, पण रांगेतल्या प्रत्येकासाठी आपल्यालाही उठावं लागतं. संध्याकाळभरात बैठकांचा चांगला व्यायाम होतो. मधली घेतली तर तेरा जोडी गुडघे ओलांडायचे. परत येताना बॅटरचा डाव चालू असेल तर पायरीवरचा माणूस अडवतो, आणि ते बरोबरच आहे.

उन्हाचं सांगतो. नियमपुस्तकात शिफारस आहे की होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, निघणारी मैदानाची मधली रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे दुपारचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत जात नाही. ते पहिल्या बेसच्या बाजूला आणि राइट फील्डच्या (बॅटरच्या उजवीकडच्या लांबच्या भागाच्या) मागे बसलेल्यांच्या डोळ्यांत जातं. त्यांची शिफारस कुणी केलेली नसते. दुपारच्या सामन्याला तिसऱ्या बेसच्या बाजूचं, छपराखालचं तिकीट घ्यावं. हेच तिकीट एप्रिलमधल्या रात्री घेऊ नये. पायांखालचं काँक्रीट दिवसभर सावलीत गारठलेलं असतं आणि थंडी बुटांच्या तळव्यांतून वर चढते. पायांखाली पुठ्ठा टाका, कोटापेक्षा जास्त उपयोगी पडतो. सॅन फ्रान्सिस्कोला हा पुठ्ठा जुलैतही चालतो.

बोस्टनचं फेनवे पार्क 1912 सालचं. तिथे छप्पर तोलणारे खांब प्रेक्षकांच्या मधोमध उभे आहेत. काही तिकिटं ‘दृश्यात अडथळा’ असं सांगूनच विकतात. खांबाआड पिचर असेल तर बॅटर दिसतो, आणि चेंडू कुठून आला हे श्रद्धेने मानायचं. राइट फील्डच्या कडेच्या काही खुर्च्यांची तोंडं होम प्लेटकडे नसून सरळ समोरच्या भिंतीकडे आहेत. तिथे नऊ इनिंग मान डावीकडे वळवून बसावं लागतं, लग्नात बाजूला बसवलेल्या पाहुण्यासारखं.

सातव्या इनिंगच्या मधोमध सगळं मैदान उभं राहून गाणं म्हणतं. संध्याकाळभरात विनाअपराध उठायची ही एकमेव वेळ. ती संपल्यावर बरेच लोक बसतच नाहीत, गाडीकडे निघतात. लॉस एंजेलिसचे लोक तर यासाठी बदनाम आहेत, तिसऱ्या इनिंगला येतात आणि सातवीला जातात म्हणून. पार्किंगमधून बाहेर पडायला लागणारा वेळ पाहिला तर मला त्यांना नावं ठेववत नाहीत. पण बेसबॉलला शेवटाची वेळ नसते. बरोबरीत सुटत नाही, खेळत राहतात. 1984 च्या मे महिन्यात शिकागो आणि मिलवॉकीचा सामना 25 इनिंग, 8 तास 6 मिनिटं चालला. पहिल्या रात्री संपेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुरा केला.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या सिटी फील्ड मैदानाहून निघायचं तर सबवेची सात नंबरची गाडी. फलाट उंचावर, मैदानाच्या अगदी समोर, मधे फक्त जिना. जॅक्सन हाइट्सला उतरून जेवणार असाल तर आकडा कशात आहे ते बघून चढा. गोलातली सात स्लो, ती चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर थांबते. चौकटातली सात फास्ट. तिच्यातून ते स्टेशन, फास्ट लोकलमधून विद्याविहार दिसतं तसं दिसतं. आठव्या इनिंगला, दोन धावांनी मागे असताना तुम्ही जिना चढता. समोर चौकटची सत्ती उभी असते, रिकामी, दारं उघडी. आत बसावं की स्लोची वाट बघावी या विचारात तुम्ही एक पाय आत टाकता आणि पाठीमागे चाळीस हजार लोक एकदम ओरडतात. दारं लागतात. फोनवरचा आकडा अजून जुनाच असतो.