सिंहासनावर बसून मिरी विकण्याची रीत

देश लहान, हाव मोठी आणि खजिन्यात खडखडाट अशी तुमची अवस्था असेल, तर राजेसाहेब, समुद्राचे मालक व्हा. पोर्तुगालच्या राजघराण्याने कित्ता घालून ठेवला आहे, तुम्ही तो फक्त गिरवायचा.

आधी पृथ्वी वाटून घ्या. ती पुरती पाहिलेली नसली तरी अडत नाही. १४९४ साली तोर्देसिल्यास या स्पॅनिश गावी स्पेनशी बसून केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगांवर (लीग म्हणजे अंतराचे जुने माप) रेघ ओढली: पलीकडचे तुमचे, अलीकडचे आमचे. तिथे राहणाऱ्यांना विचारू नये. भावकीच्या वाटणीत कुळांना कोण विचारतो?

नजराण्यात हात आखडता ठेवा. १४९८ साली कालिकतच्या राजासाठी, म्हणजे झामोरिनसाठी, वास्को द गामाने काढलेला ऐवज असा: पट्टेरी कापडाचे १२ तुकडे, ४ तांबडी कुंची, ६ टोप्या, पोवळ्याच्या ४ माळा, हात धुवायची ६ तस्ते, एक पेटी साखर, तेलाची २ आणि मधाची २ पिंपे. (साखर, हिंदुस्थानात!) झामोरिनची माणसे हसली. मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, म्हणाली. हसू द्या. मनुएल राजाने पुढच्याच वर्षी बिरुद लावले: 'इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी'. या चारांपैकी एकाही देशात तेव्हा त्याची वीतभर जमीन नव्हती.

खरी मेख मात्र परवान्यात, म्हणजे कार्ताझमध्ये. जहाज गुजरातचे असो की मलबारचे, नाखव्याने तुमचा कागद घ्यायचा, तुमच्या नाक्यावर थांबून जकात भरायची आणि मिऱ्याला हात लावायचा नाही. कागदाची फी किरकोळ ठेवा, कमाई जकातीत आहे. कागद नसेल तर जहाज जप्त. हे संरक्षण कुणापासून, असे कुणी विचारलेच तर खरे सांगा: आमच्यापासून.

मिऱ्याचा मक्ता स्वतःकडे ठेवा. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघा. उशीर झाला की मोसमी वारा चुकतो, मोझांबिकला महिनोन्‌महिने तळ पडतो आणि माणसे तापाने मरतात. खलाशांना पगार बेताचा द्या, वर स्वतःचा माल आणायला पेटीभर जागा द्या. मग पेट्या डेकवर चढतात, परतीचे जहाज जड होते आणि वादळात आडवे होते. मिरी राजाची, पेटी ज्याची त्याची. कोणती आधी वाचवतील हे वेगळे सांगायला नको. इकडे तुमचेच अंमलदार डोळेझाक करतात आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिरी पुन्हा तांबड्या समुद्रातून व्हेनिसला पोचू लागते.

फ्रान्सचा राजा तुम्हाला 'वाणी राजा' म्हणेल. वाण्याला निदान हिशेब येतो. पोर्तुगालची मिरी विकणारी अँटवर्पची वखार १५४९ साली बंद झाली, १५६० साली कासा द इंडियाच्या, म्हणजे राजाच्या लिस्बनमधल्या व्यापारी कचेरीच्या, सावकारांची देणी थांबवली.

बिरुद तेवढे उतरवू नका. १९१० साली राजेशाही गेली, तोवर पोर्तुगालचा राजा कागदोपत्री इराणच्या व्यापाराचा स्वामी होता.