लाइट बिल भरणाऱ्यांना उत्तर

ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, कामासाठी पैसा कसा उभारावा, या माझ्या लेखाखाली परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही, पण आपण अकरा वर्षं मंडळीचे खजिनदार आहोत हे मात्र दोनदा सांगितलंय. माझं म्हणणं थोडक्यात असं होतं की मंडळीचं काम सभासदांच्या स्वखुशीच्या, गुप्त दानावर चालावं. सोडतीची तिकिटं आणि देणगीदारांची नावं वेदीपुढून वाचणं बंद व्हावं.

आधी चूक कबूल करतो. गरीब विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्यांची (अगदी क्षुल्लक नाण्यांची) बायबलमधली गोष्ट मी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या नावावर टाकली. ती मार्कच्या १२व्या आणि लूकच्या २१व्या अध्यायात आहे, मत्तयात नाही. आभार. मात्र ही चूक दाखवताना "बायबल उघडायची तसदी घेतली असती तर" हे शेपूट जोडायलाच हवं होतं का, ते तुमचं तुम्ही बघा.

आता त्या वाक्याकडे येतो. तुम्ही लिहिता, "ज्यांनी जन्मात मंडळीचं लाइट बिल भरलं नाही, अशा महाशयांनाच तत्त्वं सुचतात."

"महाशय" जाऊ द्या. (जाऊ देत नाहीये, पण पुढे जाऊ.)

माझे वडील चौदा वर्षं मंडळीचे खजिनदार होते. मोजायचंच असेल तर तुमच्यापेक्षा तीन जास्त. उपासना संपली की मागच्या खोलीत टेबलावर अर्पणाची थैली उलटी व्हायची. दोघांनी मोजायचं आणि दोघांनी सह्या करायच्या, हा त्यांचा नियम. नाण्यांच्या चळती लावणं आणि चुरगळलेल्या नोटा गीतपुस्तकाखाली दाबून सरळ करणं हे माझं काम. तेव्हा लाइट बिलसुद्धा त्याच टेबलावर पडलेलं असायचं, कपाखाली.

अर्पणाच्या पाकिटांवर नावं असायची, कारण पुढच्या रविवारी यादी वाचली जायची. एका बाईंचं पाकीट नेहमी नीट चिकटवलेलं, नाव अगदी वळणदार अक्षरात. एका रविवारी मी ते फोडलं तर आत काही नाही. खाली पडलं असेल म्हणून मी टेबलाखाली शिरलो. वडील म्हणाले, "ऊठ. काही पडलेलं नाही." पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. या वेळी त्यांनी स्वतःच्या खिशातून नाणं काढून ढिगात टाकलं आणि बाईंच्या नावापुढे आकडा लिहिला. दुसऱ्या सहीवाल्यांनी खिडकीबाहेर बघितलं. हिशेबाच्या दृष्टीने हे गैरच. तुम्ही लगेच बोट ठेवाल, म्हणून आधीच सांगून टाकतो.

पण घरात पैसा नव्हता तर त्या बाईंनी पाकीट टाकलंच का? थैली पुढ्यात आल्यावर हात रिकामा दिसला असता, आणि यादीत नाव आलं नसतं तर शेजारच्या बाकाने विचारलं असतं. ज्याने त्याने मनात ठरवलं तसं द्यावं, भाग पडतं म्हणून नाही, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगतो. त्या पाकिटात "भाग पडतं" एवढंच होतं. मला तत्त्वं सुचली ती अशी. कुठल्या आरामखुर्चीत नाही.

पौलानेच मासेदोनियाच्या मंडळ्यांच्या दानाचं उदाहरण देऊन करिंथकरांना डिवचलं, हा तुमचा दुसरा बाण. दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय मीही वाचलाय. तो पैसा यरुशलेमातल्या गरिबांसाठी होता, चर्चच्या रंगकामासाठी नव्हता. मुद्दा संपला.

सोडतीवरून टेट्झेल या धर्मोपदेशकाने विकलेली पापक्षमापत्रं (पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं) आठवणं तुम्हाला "हास्यास्पद" वाटतं. हसा. सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामाच्या नावाने ती विकली जात होती आणि त्यातला निम्मा पैसा आर्चबिशप अल्ब्रेख्तने फुगर सावकारांकडून घेतलेल्या कर्जाच्या फेडीत जात होता. पोप एवढा धनवान आहे, तर गरिबांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने का बांधत नाही, हा प्रश्न धर्मसुधारक ल्यूथरने १५१७ मध्ये आपल्या ९५ विधानांपैकी ८६व्यात मांडला. दानाला बक्षीस जोडलं की दान राहत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. तुमच्या सोडतीतलं पहिलं बक्षीस स्वर्ग नव्हे, मिक्सर आहे, हा फरक मान्य.

राहिला छपराचा प्रश्न: "पाणी आत येतंय, तेव्हा स्वखुशीची वाट बघत बसू का?" हा व्यवस्थापनाचा भाग झाला, माझ्या लेखाचा तो विषयच नव्हता. सभासदांपुढे खर्चाचा कागद ठेवा, देतील. नाही दिलं तर कळवा, तेव्हा बोलू.

मत्तयाची दुरुस्ती लेखात केली आहे. "महाशय" तुम्ही कधी काढताय?