चीनचं उदाहरण देण्याआधी

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. त्या अडीच महिन्यांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चीनला दोन्ही बाजूंनी साक्षीला उभं केलं. (मी चीनमध्ये राहते; इथे ते ॲप उघडायला आधी व्हीपीएन लावावा लागतो, तो भाग वेगळा.) नागपूरचे काका म्हणाले, "चीनने एक भाषा केली, म्हणून तो पुढे गेला." ठाण्याच्या मावसभावाचं म्हणणं उलट: "तिथे बाहेरून येणाऱ्याला स्थानिक भाषा शिकावीच लागते. आपल्याकडेच सगळ्यांना मोकळं रान!"

मी कापड खरेदीच्या कामासाठी दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूत राहते. माझ्या मते दोघांचंही चुकतंय.

इथल्या जुन्या लीवान भागातल्या चहाघरात टेबल हवं असेल तर सकाळी लवकर पोचावं लागतं. निवृत्त मंडळी पेपर आणि चष्मा घेऊन ठाण मांडून बसलेली असतात. पहिला चहा प्यायचा नाही, त्याने कप आणि वाट्या विसळायच्या. मग बांबूच्या करंड्या येऊ लागतात: पातळ पारीतली कोळंबी, डुकराच्या मांसाचं सारण भरलेले वाफवलेले पाव, कोंबडीचे पाय. कुणी आपल्या कपात चहा ओतला की टेबलावर दोन बोटं टकटकवायची, झाले आभार. हा सगळा गलका कँटोनीजमध्ये, म्हणजे इथल्या स्थानिक भाषेत. नुसती मँडरिन, म्हणजे चीनची राष्ट्रभाषा, येणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. मँडरिनचे शब्दाचा अर्थ बदलणारे सूर चार, हिचे सहा. सरकारी हिशेबात मात्र ही बोलीच. माझ्या शेजारच्या आजी नातीशी कँटोनीजमध्ये बोलतात, नात मँडरिनमध्ये उत्तर देते. दोघींना एकमेकींचं समजतं, त्यामुळे घरात भांडण नाही. इथल्या शाळांतून "मँडरिन बोला, प्रमाण अक्षरं लिहा" अशा पाट्या असतात.

मेट्रोच्या तीन नंबर लाइनवर थीयू शीलू स्टेशन म्हणजे सकाळचं दादर. घोषणा आधी मँडरिनमध्ये, मग कँटोनीजमध्ये, मग इंग्रजीत. डब्यात मात्र हुनान, हुबेई, सिचुआनचे लोक. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १.८७ कोटी भरली, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांची घरनोंदणी, म्हणजे हुकोउ, दुसरीकडची.

माझं काम हायझू भागातल्या कापडबाजारात असतं. शेजारीच कांगलं नावाचं शहराने गिळलेलं खेडं आहे. इमारती इतक्या जवळ की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता यावा. गल्ल्यांतून तागे लादलेल्या स्कूटर सुसाट जातात. रस्त्याच्या कडेला छोट्या कारखान्यांचे मालक शिवलेला एक नमुना हातात धरून उभे असतात. कारागीर येतात, शिलाई उलटसुलट करून बघतात, नगाचा भाव विचारतात. पटलं तर त्याच दिवशी मशीनवर बसतात. बहुतेक जण हुबेईचे. मी तिथे कँटोनीज क्वचितच ऐकते, आणि मलाही ती शिकायची गरज पडलेली नाही.

म्हणजे मावसभावाचं चित्र उलटं आहे. इथे आलेल्यांनी स्थानिक भाषा शिकली नाही, स्थानिकांनीच आपली मुरडून घेतली. परक्याला आडवा येतो तो कागद. त्याच्या मुलाला सरकारी शाळेत जागा हवी असेल तर नोकरी, घर, विमा यांचे गुण मोजले जातात. त्याआधीचा काळ तर भयानक होता. २००३ मध्ये सुन झिगांग नावाच्या २७ वर्षांच्या हुबेईच्या तरुणाला तात्पुरता निवासी परवाना जवळ नाही म्हणून याच शहरात पकडलं, आणि कोठडीत मारहाणीत तो मेला. देशभर संताप उसळला तेव्हा ती पकडून परत पाठवण्याची पद्धत रद्द झाली. मुंबईत प्रवेशासाठी परमिट हवं असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

काकांसाठी वेगळा हिशेब. आर्थिक सुधारणांच्या काळात सगळ्यात आधी श्रीमंत झालेल्या प्रांतांत क्वांगतुंग, म्हणजे ग्वांगझू ज्यात आहे तो हा प्रांत येतो. १९८९ पासून अर्थव्यवस्थेच्या आकारात तो पहिला आहे. पैसा आला शेजारच्या हाँगकाँगमधून, आणि तो आणणाऱ्यांचे इथे नातेवाईक होते, त्यांची भाषा कँटोनीज होती. त्या काळात उत्तरेकडचे लोक हाँगकाँगची गाणी ऐकून कँटोनीज शिकायचे. भाषा एक झाली म्हणून भरभराट झाली, हे निदान या प्रांतापुरतं तरी खरं नाही. मँडरिनचा फायदा मी नाकारत नाही. हुबेईहून आलेली मुलगी पहिल्या दिवशी काम मिळवते, ते मँडरिनच्याच जोरावर.

मला जास्त बोचतं ते पुढचं. २०१० मध्ये आशियाई खेळांच्या तोंडावर शहराच्या टीव्हीने मुख्यतः मँडरिनमध्ये प्रसारण करावं असा प्रस्ताव आला. जुलैत च्यांगनानशी स्टेशनजवळ शेकडो लोक रस्त्यावर उतरले, आणि चीनमध्ये ही किरकोळ गोष्ट नव्हे. प्रस्ताव बारगळला. आज पंधरा वर्षांनी शेजारची नात मँडरिनमध्येच उत्तर देते. टीव्ही वाचला, पण शाळा, परीक्षा आणि नोकरी जिथे होत्या तिथेच राहिल्या.

आपला २९ जून मला तसाच दिसतो. मराठीला स्वतःचं राज्य आहे, १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, वर्तमानपत्रं, रंगभूमी, बोर्ड आहे, ऑक्टोबर २०२४ पासून अभिजात दर्जाही आहे. यातलं बहुतेक काही लीवानच्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला आलेलं नाही. तरीही मुंबई-ठाण्यात मराठी माध्यमाचे वर्ग पटसंख्येअभावी बंद होत आलेत, आणि तसा आदेश कुणी दिल्लीहून काढलेला नाही. हिंदीचा निर्णय मागे गेला याचा मला आनंदच आहे. पण त्याने हा पट वाढणार नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. मावसभावाला विचारलं, लेक कोणत्या माध्यमात घातलीस? तो म्हणाला, "ताई, घराजवळ चांगली मराठी शाळा उरलीच नव्हती." कारण अगदी खरं आहे, आणि वाद घालावा तर यावरच. पण तोवर ग्रुपवर एजबॅस्टनची कसोटी सुरू झाली होती.