ओल झाकणारा जिप्सम बोर्ड आणि घर विकणाऱ्याची जबाबदारी

‘घर विकण्याआधी हे कराच’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गॅरेजच्या भिंतीला ओल असेल तर गिलावा काढत बसू नका, लोखंडी पट्ट्यांवर जिप्सम बोर्ड (दोन्ही बाजूंना कागद असलेला जिप्समचा तक्ता) ठोका आणि वरून रंग द्या, बोर्डामागे ओल आपोआप सुकते, अमेरिकेत सगळे असेच करतात, जुन्या घराच्या विक्रीला रेरा (बिल्डरांच्या घरविक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा) लागू नसल्यामुळे दोष पाहून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी असते, आणि झालेला खर्च किमतीत दहापट वसूल होतो. शामरावनगरातले घर विकायला काढलेल्या माझ्या आत्याला हा संदेश तीन नातेवाइकांनी पाठवला आणि तिने बोर्डवाल्याला इसारही देऊन टाकला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला सर्वांत घातक मुद्दा कायद्याचा आहे. बांधकामातील दोषांची रेरामधील पाच वर्षांची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर असते आणि स्वतःचे राहते घर विकणाऱ्यावर ती येत नाही, एवढे त्या संदेशात बरोबर आहे, हे मान्य करावे लागेल. पण त्यावरून विकणारा मोकळा सुटतो असा निष्कर्ष काढणाऱ्याने मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ उघडूनही पाहिलेला दिसत नाही. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची जी कर्तव्ये दिली आहेत, त्यांतले पहिलेच कर्तव्य असे आहे की, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला शोधता येणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. तो उघड न करणे हे कपट होय, असेही त्याच कलमात स्पष्ट लिहिलेले आहे.

आता ही अट बोर्डाला लावून पाहा. भिंतीवरची ओल उघडी असते तेव्हा गॅरेजमध्ये पाऊल टाकणाऱ्या कोणालाही ती दिसते. घेणारा भावात घासाघीस करतो, पण पुढे फसवणुकीची तक्रार करायला त्याला फारशी जागा उरत नाही. तीच ओल बोर्डामागे गेली की सर्वसाधारण काळजी घेऊनही ती सापडणार नाही, म्हणजे जो दोष कायद्याच्या अटीत बसत नव्हता तो आपण स्वतः खर्च करून बसवला. करारात ‘आहे त्या स्थितीत’ असे शब्द घातले की प्रश्न मिटतो, असे सांगणारेही भेटतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये माहीत असलेली वस्तुस्थिती मुद्दाम लपवणे हे कपटाच्या व्याख्येतच येते, आणि ठोकलेला बोर्ड, त्याची पावती व बोर्डवाल्याची साक्ष यांच्यापुढे ते तीन शब्द टिकतील या भरवशावर कोणी घर विकू नये.

सांगलीत तर हे अधिकच गंभीर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत तिने ४५ फुटांची धोक्याची पातळी पुन्हा ओलांडली. घर पाहायला आलेला माणूस भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ शोधतो. तो बोर्ड ओलीबरोबर ती रेघही झाकतो, आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबापासून ही माहिती लपवणे मला अक्षम्य वाटते.

ओल बोर्डामागे सुकते, हे तर उघड खोटे आहे. जमिनीतून चढणारी ओल विटांतले क्षार बरोबर आणते. पाणी हवेत उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात, त्यालाच आपण लोणा म्हणतो. आत्याच्या गॅरेजमध्ये फरशीपासून कमरेपर्यंत रंगाचे पोपडे सुटले आहेत, नखाने खरवडले की पांढरी भुकटी हाताला लागते आणि बोटाने ठोकले की गिलावा पोकळ वाजतो. अशा भिंतीपुढची हवा बंद केली तर पाण्याला उडायला वाव उरत नाही आणि ओल आणखी वर चढते. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद असतो, त्यावर बुरशी धरते, आणि मागच्या पट्ट्या गंजू लागतात. हिरवा बोर्ड, म्हणजे ओलसर जागेसाठी बनवलेला त्याचा प्रकार, दमट हवेला काहीसा तोंड देतो, पण तो जलरोधक नसतो.

अमेरिकेचा दाखला अर्धवट आहे. तिथली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि बोर्ड हीच तिथली भिंत असते. गॅरेज घराला लागून असेल तर गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जाडीचा बोर्ड लावावा असे तिथल्या आदर्श बांधकाम संहितेत म्हटले आहे, कारण जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी रासायनिक रूपात बांधलेले असते आणि ते आगीचा फैलाव लांबवते. त्यामुळे विक्रीपूर्वी त्या बोर्डाची भोके बुजवणे हे तिथे सुरक्षिततेचे काम आहे. विटांच्या भिंतीवरची ओल लपवण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

दहापट वसुलीला संदेशात कसलाच आधार दिलेला नाही. केसासारख्या बारीक भेगा बुजवून आणि रंग देऊन गॅरेज नीटनेटके केले तर घेणाऱ्यावर बरी छाप पडते, यात मात्र गैर काही नाही.

आधी ओल कुठून येते ते पाहावे. फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते, बाहेरच्या बाजूला जमले तर ते खोलीतल्या दमट हवेचे असते. मग बाहेरची माती जोत्याच्या वर आली आहे का, पन्हाळीचे पाणी भिंतीच्या मुळाशी पडते का, टाकी पाझरते का, हे तपासून ते कारण आधी दूर करावे. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडावा, कारण धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. पोकळ गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढावा, नवा गिलावा निदान सात दिवस पाणी मारून पिकवावा आणि पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. एवढा वेळ नसेल तर भिंत आहे तशी दाखवावी, आणि पुराचे पाणी कुठवर आले होते, ओल कुठे आहे, हे साठेखतात लिहून त्याला फोटो जोडावेत.