लाडूंचा हमाल

लेक म्युनिकला बाळंत व्हायची होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे 90 दिवस राहायला जाणार होतो. 90च, कारण युरोपच्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत त्याहून जास्त राहता येत नाही. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी चढणाऱ्या आमच्या पेन्शनर मंडळींना मी ही बातमी वर सांगितली, आणि खाली पायथ्याशी येईपर्यंत माझ्या बॅगेत काय काय भरायचं ते सात जणांनी ठरवून टाकलं होतं. त्यातल्या पाच जणांनी अजून पासपोर्टही काढलेला नाही.

तिकिटावर सामान माणशी 30 किलो. मला वाटलं, चिक्कार झालं. दोन पँटी, चार शर्ट, स्वेटर, कानटोपी आणि बीपीच्या गोळ्या, एवढ्यावर माझं भागतं. ही म्हणाली, "अहो, तुमचं ते खांद्यावरच्या पिशवीत बसेल." मग दोन मोठ्या बॅगा कशाला, हे विचारायच्या आत स्वयंपाकघरातून खारीक कुटल्याचा आवाज यायला लागला. म्युनिकला खरे तर डिंकाचे लाडू चालले होते. मी त्यांचा हमाल.

चार किलोंचा घाट होता. साजूक तुपात डिंकाचा खडा सोडला की तो आधी घटकाभर गप्प बसतो आणि मग लाहीसारखा टचकन फुलतो. फुललेला डिंक वाटीच्या बुडानं चुरायचं काम माझ्याकडे होतं. चुरताना गोडी बघायला म्हणून दोन लाडवांचा ऐवज पोटात गेला, हे मी कबूल करतो.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. हिनं डबा कॅमेऱ्यासमोर धरला. लेकीनं विचारलं, "आई, यात काय काय घातलंयस?" ही कौतुकानं एकेक जिन्नस सांगू लागली आणि तिकडून एकेक विकेट पडू लागली.

खोबरं? विमानात चालत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते हवेनं आतल्या आत तापत जातं आणि काडी न लावता पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात. हिनं पन्नास वर्षांच्या आयुष्यात इतकं खोबरं किसलं, पण एकदाही अग्निशमन दलाला बोलवावं लागलं नाही, हा मुद्दा लेकीनं विचारात घेतला नाही.

खसखस? विमान दुबईत बदलायचं आणि तिथे खसखशीवर बंदी. अफूचं बी ना ते! गंमत म्हणजे जर्मनीत हीच खसखस पावावर सढळ हातानं पेरून खातात. म्हणजे पोचलो तर हवी तेवढी मिळेल, पोचायचंच तेवढं अवघड.

तूप? युरोपात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. डिंकाचा लाडू म्हणजे बंदी असलेल्या जिनसांचं स्नेहसंमेलनच निघालं.

"मग मोती चौकातून कंदी पेढे?" हिनं शेवटचा डाव टाकला.

"आई, पेढे खव्याचेच असतात ना?"

आमच्या घरात थोडा वेळ सुतक पसरलं. सातारकर माणूस परगावी पेढ्यांशिवाय जातो, हे आमच्या अख्ख्या खानदानात घडलेलं नाही. मी आपला धीर द्यायला म्हणून नियमांची यादी नीट वाचून घ्यायला लेकीला सांगितलं. मध माणशी 2 किलोपर्यंत चालतो. चला, महाबळेश्वराची अब्रू राहिली. फळांना कागदपत्रं लागतात, पण अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ यांना माफी. म्हणजे नारळ न्यायचा, फक्त तो वाटेत सुकणार नाही एवढं बघायचं. आणि मासे? मासे माणशी 20 किलो.

"बोंबील चालतात आणि पेढे नाहीत?" ही म्हणाली. आमच्याकडे अंडंसुद्धा अंगणात स्टोव्हवर उकडतात. "कसला हो देश हा! कुठं दिली आपण पोरगी!"

शेवटी तह असा झाला: लाडू तिथे वळायचे. इथून नुसता डिंक, खारीक, मेथी आणि गूळ न्यायचा, तूप तिकडच्या लोण्याचं कढवायचं. तयार चार किलो लाडू साताऱ्यातच राहिले. बाळंतीण सात समुद्रांपलीकडे असल्यामुळे ते संपवायची जबाबदारी माझ्यावर आली. पंधरा दिवसांत माझं वजन दोन किलोंनी वाढलं. तेवढे लाडू मात्र कुणीही न अडवता, न मोजता म्युनिकला पोचले.

आता प्रश्न बॅगा मोजायचा. गल्लीत रद्दीवाला आला तेव्हा मी मोठी बॅग त्याच्या ताणकाट्याला लटकवली. तो म्हणाला, "सत्तावीस, काका." खूश होऊन आणखी तीन किलो गूळ भरणार, तेवढ्यात आठवलं, की माझी दहा किलोंची रद्दी याच्याकडे नेहमी सातच भरते. बॅग तशीच कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. तिथे ती भरली 33. पण तिथली किलोभर साखरही घरी आणल्यावर डब्यात बुडाशीच बसते. दोघांची सरासरी काढली, 30. बॅगेला हात लावला नाही.

त्यात शेजारच्या काकू पिशवी घेऊन आल्या. त्यांचा भाचा जर्मनीतच, "तुमच्या जवळच आहे, हँबर्गला." म्युनिकहून हँबर्ग म्हणजे साताऱ्याहून नागपूरला मेतकूट पोचवायला जाण्यासारखं. मी तोंड उघडलं, हिनं पिशवी घेतली.

निघायच्या आदल्या रात्री बॅगेची चेन लागेना. मी वर बसलो, हिनं ओढली. अर्धी लागली. मग मी जरा उड्या मारल्यासारखं केलं आणि तिनं, "आता श्वास सोडू नका," म्हणत उरलेली लावली. लाडवांनी वाढलेले दोन किलो त्या दिवशी सत्कारणी लागले.

मुंबईच्या काउंटरवर काटा 30.2 वर थांबला. तिथल्या मुलीनं बॅगेकडे बघितलं, हिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पट्टी चिकटवून टाकली. रद्दीवाला आणि दुकानदार दोघं मिळून प्रामाणिक आहेत, हे सिद्ध करायला मला सातारा सोडावा लागला.

म्युनिकला मात्र कस्टमच्या उंचनिंच अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. वरच पारदर्शक पिशवीत पिवळट, काचेसारखे खडे. शेजारी मेतकुटाची पिवळी पूड. त्यानं खडा दिव्यासमोर धरला, हुंगला आणि आमच्याकडे बघितलं. माझं इंग्रजी घशात अडकलं. ही पुढे झाली. पोटावर हातानं मोठा गोल काढला, मग दोन्ही हात जुळवून झोका दिला, मग लाडू वळून दाखवला. एक शब्द बोलली नाही. अधिकारी हसला, दोन्ही अंगठे वर केले आणि बॅगेचं झाकण खाली घेतलं.

झाकण बसेना. त्यानं तळव्यानं दाबलं, मग कोपरानं. मागे रांग वाढत होती. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, त्यांना सांगा की बसायला."

मी हातानं खूण केली. तो क्षणभर घुटमळला, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बसला. मी चेन ओढली.

"श्वास सोडू नका म्हणावं," ही म्हणाली.