लस, पेट्रोल आणि जीएसटी: नागपुरात फिरणाऱ्या एका मजकुराचा प्रतिवाद

नागपुरातील व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. इतवारीतील व्यापाऱ्यांच्या गटांत तो आहे, सोसायट्यांच्या गटांत आहे आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या गटांतही आहे. मजकुराचा दावा थोडक्यात असा: करोनाची लस फुकट नव्हतीच, पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढवून सरकारने तिची किंमत आधीच वसूल केली, तिच्यावर ५ टक्के जीएसटी ठेवून वर नफाही कमावला, लस बनवणाऱ्या कंपन्यांना हजारो कोटी रुपये आगाऊ आणि करमुक्त वाटले, आणि ज्या लशीसाठी हे सारे झाले तिने माणसे मरतात, हे कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात कबूल केल्यामुळे आज तरुण मुले हृदयविकाराने का कोसळतात याचा उलगडा झाला आहे. शेवटी सल्ला असा की, आता लहान मुलांनाही कोणतीच लस टोचून घेऊ नये.

या मजकुराची ताकद त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे, कारण त्यात थोडे सत्य आहे. करांचे आकडे वाचून वाचकाचा विश्वास बसतो आणि त्याच विश्वासावर तो लशीबद्दलची विधानेही न तपासता स्वीकारतो. म्हणून आधी करांचेच पाहू.

केंद्राने १४ मार्च २०२० रोजी पेट्रोल आणि डिझेलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे ३ रुपयांनी वाढवले, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलवर आणखी १० व डिझेलवर आणखी १३ रुपये चढवले. जागतिक बाजारात कच्चे तेल कोसळले होते आणि त्या स्वस्ताईचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचण्याऐवजी तिजोरीत गेला. हे घडले तेव्हा भारतात लशीची माणसांवरील चाचणीही सुरू झालेली नव्हती. कोव्हॅक्सिनच्या चाचण्या जुलै २०२० मध्ये सुरू झाल्या, आणि त्यांच्या केंद्रांत नागपूरही होते. लसीकरण सुरू झाले १६ जानेवारी २०२१ रोजी. तेव्हा लशीच्या किमतीसाठी ही करवाढ झाली हे म्हणणे तारखांच्या क्रमातच टिकत नाही.

मात्र हा समज केवळ मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यातून निघालेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तत्कालीन पेट्रोलियम राज्यमंत्री रामेश्वर तेली यांनीच फुकट लशीचा खर्च या करातून निघतो अशा आशयाचे विधान केले होते. त्यांचे समर्थन आणि आजचा आरोप यांचा पाया एकच आहे, आणि एकाच हिशेबाने दोन्ही खोटे ठरतात. संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्काची वसुली २०१९-२० मध्ये १.७८ लाख कोटी होती, ती २०२०-२१ मध्ये ३.३५ लाख कोटी झाली; म्हणजे एका वर्षात १.५७ लाख कोटींची वाढ. लसीकरणासाठी २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात ३५,००० कोटींची तरतूद होती, ती सुधारित अंदाजात ३९,००० कोटी झाली. वर्षे वेगळी असल्याने ही तुलना ढोबळच म्हणावी लागेल, तरी लसीकरणाचा हा खर्च त्या वाढीव वसुलीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच येतो. उरलेल्या तीन हिश्श्यांचे कारण लस असू शकत नाही.

इंधनकराविषयी खरोखर विचारण्याजोगा प्रश्न मजकुरात आलेलाच नाही. फेब्रुवारी २०२१ नंतर पेट्रोलवर लिटरमागे ३२.९० रुपये केंद्रीय शुल्क होते. त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० रुपये, विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर १८ रुपये आणि कृषी उपकर २.५० रुपये. राज्यांना वाटा मिळतो तो केवळ त्या १.४० रुपयातून. दुसऱ्या लाटेत ज्यांच्यावर रुग्णालयांचा भार होता त्या राज्यांच्या हाती या करातून किती थोडे येत होते, यावर आवाज उठायला हवा होता. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मधील कपातींनी पेट्रोलवरील शुल्क १९.९० रुपयांवर, म्हणजे साथीपूर्वीच्या पातळीवर आले, हेही मजकुरात नाही.

आता जीएसटी. लशीवर ५ टक्के दर होता हे खरे आहे. जून २०२१ नंतर धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालयांत कोविशील्डच्या डोससाठी कमाल ७८० रुपये मोजावे लागत, त्यात ६०० लशीचे, ३० जीएसटीचे आणि १५० सेवाशुल्काचे. कोव्हॅक्सिनसाठी हेच आकडे १,२००, ६० आणि १५० असे होते. ज्यांनी तिथे लस घेतली त्यांनी कर भरला, यात वाद नाही. पण २१ जून २०२१ पासून देशातील ७५ टक्के लस केंद्राने विकत घेऊन १८ वर्षांवरील सर्वांना विनामूल्य दिली आणि तिच्यावरील जीएसटी केंद्रानेच भरला. शिवाय १०० रुपये जीएसटी जमा झाला तर त्यातील ५० राज्यांचे असतात आणि केंद्राच्या ५० पैकी ४१ टक्के पुन्हा राज्यांकडे जातात, म्हणजे ७०.५० रुपये राज्यांना. केंद्राने स्वतः खरेदी केलेल्या लशीवर स्वतःच कर भरायचा आणि त्यातला मोठा वाटा राज्यांना द्यायचा, या व्यवहाराला केंद्राचा नफा म्हणता येत नाही.

सरकारने मनात आणले असते तर एका सहीने हा कर शून्य केला असता, असेही मजकूर म्हणतो. इथे थोडे थांबून समजून घ्यायला हवे. जीएसटीत माल ‘माफ’ केला की विक्रेत्याला कच्चा माल, कुप्या, वाहतूक यांवर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून त्याची वजावट, मिळत नाही. इतवारीतील कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, बुडालेले क्रेडिट शेवटी मालाच्या भावातच चढते. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मे २०२१ मध्ये हेच उत्तर दिले होते. क्रेडिट न बुडता कर शून्य होण्याची सोय कायद्यात निर्यात आणि विशेष आर्थिक क्षेत्रांपुरती आहे. देशांतर्गत लशीसाठी कायदाच बदलावा लागला असता. दर नाममात्र, ०.१ टक्क्यावर आणावा, अशी मागणीही तेव्हा झाली होती, आणि माझ्या मते तो अधिक चांगला मार्ग ठरला असता: क्रेडिट शाबूत राहिले असते आणि खासगी केंद्रातील ग्राहकाचा भारही हलका झाला असता. हा मतभेद धोरणाचा आहे. त्यातून लस घातक असल्याचे काहीच सिद्ध होत नाही.

माफीतला हा पेच नागपूरकरांनी नंतर दुसऱ्या एका प्रकरणातही पाहिला. आयुर्विमा महामंडळाच्या नागपूर विभागातील कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये विमा हप्त्यांवरील १८ टक्के जीएसटी हटवावा असे पत्र अर्थमंत्र्यांना लिहिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाला, आणि लगेच प्रश्न उभा राहिला तो विमा कंपन्यांच्या बुडणाऱ्या क्रेडिटचाच.

जीएसटीवरचा राग काढायचाच असेल तर त्यासाठी जागा आहे. २३ एप्रिल २०२१ रोजी विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे तीन टँकर नागपुरात उतरले. त्या दिवशी वैद्यकीय ऑक्सिजनवर १२ टक्के जीएसटी होता, व्हेंटिलेटरवर १२ टक्के, रुग्णवाहिकेवर २८ टक्के. लोक मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या दारात खाटेसाठी उभे होते, आणि जीएसटी परिषदेने हे दर खाली आणले १२ जून रोजी, लाट ओसरू लागल्यावर. ऑक्सिजन व व्हेंटिलेटर ५ टक्क्यांवर आले, रुग्णवाहिका १२ टक्क्यांवर, आणि काळ्या बुरशीवरचे ॲम्फोटेरिसिन करमुक्त झाले. हा उशीर अक्षम्य होता असे माझे स्पष्ट मत आहे. मजकुरात मात्र त्याबद्दल एक शब्द नाही, कारण त्यातून लशीविरुद्ध काही निघत नाही.

कंपन्यांना करमुक्त वाटलेल्या पैशाचा आरोप तर त्या रकमाच खोडून काढतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२१ च्या आरंभी जाहीर केले की कोविशील्ड बनवणाऱ्या सीरमला ११ कोटी डोससाठी १,७३२.५० कोटी रुपये आगाऊ दिले, त्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) वजा होऊन हाती १,६९९.५० कोटी पडले. कोव्हॅक्सिन बनवणाऱ्या भारत बायोटेकला ५ कोटी डोससाठी ७८७.५० कोटी, वजावटीनंतर ७७२.५० कोटी. प्रतिडोस १५० रुपयांनी ११ कोटी डोसचे १,६५० कोटी होतात, त्यावर ५ टक्के म्हणजे ८२.५० कोटी मिळवा, बेरीज १,७३२.५० कोटी. त्यातून वजा झालेले ३३ कोटी हे १,६५० कोटींचे बरोबर २ टक्के आहेत. करमुक्त म्हटलेल्या रकमेत जीएसटीही आहे आणि टीडीएसही. आणि ती मालाची आगाऊ किंमत होती, देणगी नव्हे.

आता आरोग्याकडे. भारतात कोविशील्ड नावाने दिलेली लस ज्या कंपनीची, त्या ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटिश न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रात, तिच्या लशीमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी टीटीएस होऊ शकतो, असे मान्य केले; एप्रिल २०२४ च्या अखेरीस ही बातमी आली. टीटीएस म्हणजे रक्तात गुठळ्या होणे आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घटणे. हा धोका २०२४ मध्ये उघडकीस आला, हे मात्र खोटे आहे. युरोपीय औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१ रोजीच त्याची नोंद दुष्परिणामांत केली होती, आणि भारताच्या आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजी आपल्याकडील प्रमाण दर दहा लाख डोसमागे ०.६१ असल्याचे सांगून लस घेतल्यानंतरच्या २० दिवसांत धाप, छातीतील दुखणे, पायांची सूज अशा लक्षणांकडे लक्ष ठेवण्याची सूचना दिली होती. आपल्याकडे अशा घटनांची नोंदणी कमी होते, त्यामुळे खरे प्रमाण काहीसे अधिक असू शकते. तरी ते दुर्मीळच राहते. ही सूचना लसीकरण केंद्रांवर लोकांना नीट समजावून सांगितली गेली नाही, ही तक्रार मला रास्त वाटते, आणि आजच्या अफवेला जागा मिळाली ती त्याच पोकळीत.

परंतु टीटीएस हा हृदयविकाराचा झटका नव्हे, आणि तो साधारणतः लशीनंतर ४ ते ४२ दिवसांत दिसतो. २०२१ मध्ये घेतलेल्या लशीवर आज जिममध्ये कोसळलेल्या तरुणाचा मृत्यू लादण्यासाठी या कागदपत्राचा उपयोग नाही. मजकुरासोबत फिरणाऱ्या परदेशी चित्रफिती हृदयस्नायूच्या दाहाविषयी आहेत, आणि तो दुर्मीळ परिणाम मुख्यतः एम-आरएनए लसींशी जोडला गेला; फायझर आणि मॉडर्नाच्या त्या लसी भारताच्या मोहिमेत वापरल्या गेल्याच नाहीत.

तरुणांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास भारतातच झालेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी निरोगी असलेल्या ७२९ मृतांची माहिती घेतली आणि तिची तुलना २,९१६ व्यक्तींशी केली. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता कमी दिसली. धोका वाढलेला दिसला तो करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांत, आणि मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्याला त्याच्या मर्यादा आहेत; पण त्याच्या विरुद्ध बाजूला या मजकुरात केवळ छायाचित्रे आणि हळहळ आहे.

लशीच्या प्रमाणपत्रावरून पंतप्रधानांचे छायाचित्र काढले गेले, हाही मजकुराचा एक पुरावा आहे; ते मे २०२४ मध्ये दिसेनासे झाले, पण लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे. लस घेतलेले सारे दोन वर्षांत मरतील, ही मे २०२१ मधील अफवाही मजकुरात पुन्हा शिरली आहे. देशात २२० कोटींहून अधिक डोस दिले गेले, आणि तो मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत लस घेतलेलेच बहुसंख्य असावेत. मे अखेरच्या नवतपाच्या उन्हात विषाणू टिकणार नाही, असे सांगणारेही याच गटांत होते; नागपुरातील सर्वांत भीषण लाट एप्रिलच्या उन्हातच आली.

उरतो मुलांच्या लसींचा मुद्दा. वरचे सारे दावे खरे धरले तरी त्यातून हा निष्कर्ष निघत नाही, कारण बाळांना दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेला, पोलिओ, क्षयरोग, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात या लसींचा ॲस्ट्राझेनेकाच्या लशीशी काही संबंध नाही. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. उलट बाजूही आपण पाहिली आहे: साथीच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, मालेगाव आणि भिवंडी येथे गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या १२ ते १८ जणांना आजारी करू शकतो, आणि साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. म्हणजे एखाद्या वस्तीतील मोजक्या पालकांनी हा सल्ला मानला तरी पुरेसे आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत दिला जातो. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि मेडिकल व मेयो येथे तो विनामूल्य मिळतो, आणि वेळ चुकली असेल तर वयाच्या पाच वर्षांपर्यंत देता येतो.