सांगता येत नाही

रविवारी दुपारी बेल वाजली आणि मी दार उघडलं. पुढचं सगळं रामायण या एका चुकीतून घडलं.

दारात एक मुलगी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "सर, सामाजिक सर्वेक्षण आहे. फक्त वीस मिनिटं." बायकोला पुढे करावं म्हणून मी आत हाक मारणार, तेवढ्यात तिने विचारलं, "घरातल्या मोठ्या माणसांपैकी शेवटचा वाढदिवस कोणाचा झाला?" माझाच झाला होता. "मग मुलाखत तुमचीच." जो दार उघडेल त्यालाच पकडलं तर फक्त रिकामटेकड्यांची मतं मोजली जातील, म्हणून हा नियम. नियमानेही रिकामटेकडाच गाठला, त्याला ती बिचारी काय करणार!

"शेजाऱ्यांना विचारा ना, त्यांना प्रत्येक विषयावर मत आहे."

"तसं चालत नाही सर, नमुना बिघडतो."

तिचं बरोबरच होतं. 1936 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. 20 लाखांहून जास्त भरून परत आल्या आणि त्यांच्या जोरावर साप्ताहिकाने लँडन या उमेदवाराला कागदावर निवडून आणलं. प्रत्यक्षात 48 पैकी 46 राज्यांत रूझवेल्ट जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनवाल्यांच्या आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून, शिवाय उत्तर पाठवायची हौस असलेल्यांचीच उत्तरं आली. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत पातेल्यात कुठूनही उचललेलं हवं. त्या रविवारी शीत मी होतो.

"आता मी वाक्यं वाचते. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत, यांपैकी एक सांगायचं." ही पाच पायऱ्यांची शिडी 1932 साली रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने जगाला दिली. माणसाचं मन पाच पायऱ्यांत मावतं हे त्याला कसं सुचलं कोण जाणे. मी तर कायम दोन पायऱ्यांच्या मध्ये लोंबकळत असतो.

"हल्ली माणसांवर विश्वास ठेवता येत नाही." सहमत. चार वाक्यांनंतर, "बहुतेक माणसं विश्वास ठेवण्यासारखी असतात." सहमत! तिने डोळ्याची पापणीही न लववता दोन्ही टिपून घेतलं. समोरच्याला नाही म्हणवत नाही, हा माझा जुना आजार. संशोधकांना तो चांगला ठाऊक असतो, म्हणून तर तीच गोष्ट ते उलटसुलट करून विचारतात.

मग एका कायद्याबद्दल माझं मत विचारलं. नावही ऐकलं नव्हतं. 'सांगता येत नाही' हा पर्याय होता, पण एवढ्या शिकलेल्या माणसाने तो निवडायचा? "सहमत." पुढे वाचनात आलं की अमेरिकेत सिनसिनाटीच्या संशोधकांनी अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याबद्दल लोकांना विचारलं होतं आणि जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी बाणेदारपणे मत दिलं. तेव्हापासून झोप उडाली आहे. माझा कायदा होता तरी का?

"रोज मोबाईलवर किती वेळ जातो?"

आतल्या खोलीत वर्तमानपत्राची सळसळ थांबली.

"अर्धा तास."

पान जोरात उलटलं गेलं.

"गेल्या वर्षभरात किती पुस्तकं वाचलीत?" "बारा." महिन्याला एक, हिशोबाला सोपं. "घरकामाला रोज किती वेळ देता?" "दोन तास." आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

मी खोटं बोललो हे कबूल. पण निव्वळ खोटं नव्हे ते. अर्धा तास हे माझं वागणं नसेल, पण अर्धा तासच शोभून दिसतो, हे माझं अगदी प्रामाणिक मत आहे. अमेरिकेतल्या 'जनरल सोशल सर्व्हे' या सर्वेक्षणात 1972 पासून कित्येक प्रश्न शब्दही न बदलता विचारले जातात. लोक दर वेळी साधारण तेवढीच थाप मारत असतील, तरी बदल दिसायचा तो दिसतोच. आणि थापच बदलली, तर लोकांना आता कशाची लाज वाटते ते कळतं. उद्या माझा नातू 'घरकाम शून्य' असं छाती फुगवून सांगणार नाही, हासुद्धा कलच की!

तिला संशय आला असावा. टॅब माझ्याकडे फिरवत ती म्हणाली, "पुढचे प्रश्न खाजगी आहेत, तुम्हीच वाचून भरा." पहिलाच प्रश्न : घरातले महत्त्वाचे निर्णय कोण घेतं? आतल्या दाराकडे एकदा बघून मी हळूच 'दोघं मिळून'वर बोट ठेवलं.

आठवड्याने फोन आला. मुलाखत खरोखर झाली ना, हे तपासायला त्यांचे वरिष्ठ दोन-चार प्रश्न पुन्हा विचारणार होते. "रोज मोबाईलवर किती वेळ?" माझ्या पोटात गोळा. मागच्या वेळी काय सांगितलं होतं? फोनवर हात ठेवून मी आत बघितलं.

"अर्धा तास," बायको मान वर न करता म्हणाली. "पुस्तकं बारा. घरकाम दोन तास. आणि निर्णय दोघं मिळून घेतो म्हणून सांग."

मी तसं सांगितलं.